बादलीत ब्लीचिंग आणि ॲसिड? शेवाळ राहू द्या, माणूस जाईल

‘फार्महाउसच्या स्विमिंग पूलचं चिवट शेवाळ एका रात्रीत साफ’ हा मेसेज फिरत फिरत परवा आमच्या दाजींकडे आला. त्यांनी तो धड वाचलाही नसेल, पण कर्जतच्या बंगल्यावरच्या माळीकाकांना लगेच पाठवून दिला. म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजच्या नादी कोण लागतं!

पहिलाच उपाय बघा. ‘बादलीत ब्लीचिंग पावडर घ्या, त्यात बाथरूमचं ॲसिड ओता, फेस आला की पूलमध्ये सोडा.’ अहो, त्या फेसातून क्लोरीन वायू सुटतो! पावडरमधल्या हायपोक्लोराइटला बाथरूमच्या ॲसिडमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड मिळालं की हेच होणार. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, जास्त गेला तर फुप्फुसात पाणी होतं. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचणारा. आणि पावडरचे डबे कुठे असतात? बऱ्याच बंगल्यांवर जमिनीखालच्या पंपरूममध्ये, जिथे वारा यायला वरच्या लोखंडी झाकणाशिवाय वाट नाही. तिथे वाकून बादली ढवळणार कोण? माळीकाका. मेसेज लिहिणाराही नाही आणि पुढे ढकलणाराही नाही.

यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा, चढला की पावडरमधून पाण्यात आलेलं, शेवाळ मारणारं क्लोरीन लुळं पडतं. साडेसातला साधारण निम्मं कामाचं असतं, आठाच्या पुढे पाव भागही उरत नाही. म्हणजे पीएच उतरवायला ॲसिड लागतं. पण ते बादलीभर साध्या पाण्यात थोडं थोडं सोडून, पंप चालू ठेवून पूलमध्ये घालायचं. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आला की मग काही तासांनी, ऊन उतरल्यावर क्लोरीन. दोघांची गाठ बादलीत पडता कामा नये.

पुढे म्हणे ‘क्लोरीननंतर हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, पाणी आरशासारखं होईल’. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हा आरसा सगळ्या जगाने पाहिला. डायव्हिंगचा पूल हिरवागार झाला, पाठोपाठ शेजारचाही. कंत्राटदाराने ८० लिटर पेरॉक्साइड ओतलं होतं, हे आयोजकांनीच नंतर सांगितलं. पेरॉक्साइड क्लोरीनला निकामी करतं आणि शेवाळाला मोकळं रान मिळतं. सिंक्रोनाइज्ड स्विमिंगच्या आधी त्या शेजारच्या पूलचं पाणीच बदलावं लागलं. ऑलिंपिकच्या पूलची ही गत, तिथे आपल्या बंगल्याचं काय?

मेसेजमधला आणखी एक उपाय मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. तांब्याने शेवाळ मरतं, खरं आहे. पण मुठीमुठीने टाकलं तर प्लास्टरवर डाग पडतात आणि आजोबांच्या पांढऱ्या केसांना हिरवट झाक येते.

‘उग्र वास म्हणजे क्लोरीन भरपूर’ हेही उलटंच. तो वास क्लोरीन घामा-लघवीशी भिडून बनलेल्या क्लोरामाइनचा, म्हणजे क्लोरीन कमी पडतंय.

आणि एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये ब्रशचं नाव नाही! टाइल्सच्या सांध्यांमधलं काळं शेवाळ वर बुळबुळीत थर धरून बसतं, त्याखाली क्लोरीन पोचत नाही. सिमेंटला आणि सांध्यांना स्टीलच्या तारेचा ब्रश, फायबरच्या पूलला नायलॉनचा. आधी घासून थर फोडायचा, मग क्लोरीन, मग पंप रात्रभर चालू. मेलेलं शेवाळ राखाडी होऊन फिल्टरमध्ये अडकतं. फिल्टरच्या प्रेशरचा काटा चढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्रश.