बाकांचा रंग तुम्हीच ठरवा

अभिनंदन. शहरातल्या सर्वांत मोठ्या स्थानकाचा कायापालट करण्याचं काम तुमच्याकडे आलं आहे. आराखडा मंजूर झालाय, कंत्राटदार ठरलाय, जुन्या छताच्या भंगाराचासुद्धा सौदा झालाय. आता एवढंच उरलंय, की हे स्थानक कसं असावं ते लोकांना विचारायचं.

बिचकू नका. लोकांना विचारण्यात कसलाही धोका नाही. धोका आहे तो वेळेवर विचारण्यात.

इंग्लंडमध्ये 1985 सालच्या एका खटल्यापासून या बाबतीत एक गैरसोयीचा दंडक पडून गेला आहे. प्रस्ताव कच्चा असतानाच लोकांना विचारा, त्यामागची कारणं नीट सांगा, उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्या आणि निर्णय घेण्याआधी आलेलं म्हणणं मनापासून विचारात घ्या. चार साध्या अटी. पण त्या पाळल्या तर लोक काय म्हणतील हे तुम्हालाच आधी माहीत नसणार! मग अहवाल आगाऊ कसा लिहून ठेवणार? पर्यावरणाच्या निर्णयांत लोकांना सहभाग देणाऱ्या 1998 च्या आरहुस या आंतरराष्ट्रीय करारात तर सगळे पर्याय खुले असतानाच लोकांना सहभागी करून घ्या, असं लिहिलंय. पर्याय उघडे ठेवले की वारा शिरतो, आणि मंजूर कागद उडून जातात.

गुरू करायचाच असेल तर जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या स्थानकाला करा. जमिनीवरचे 16 रूळ काढायचे आणि जमिनीखाली 8 घालायचे, ही कल्पना 1994 मध्ये जाहीर झाली. पैशांचा करार 2009 च्या एप्रिलमध्ये झाला. काम 2010 च्या फेब्रुवारीत सुरू झालं. त्याच वर्षीच्या 30 सप्टेंबरला बागेतली झाडं वाचवायला जमलेल्या माणसांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले आणि शंभराहून जास्त जण जखमी झाले. सगळ्यांना पुरेसं भिजवून झाल्यावर मग समेटाच्या बैठका बसल्या. हाइनर गाइसलर हे ज्येष्ठ राजकारणी मध्यस्थ होते आणि त्या बैठका दूरचित्रवाणीवर थेट दाखवल्या गेल्या. अखेर 2011 च्या नोव्हेंबरमध्ये जनमत घेतलं. क्रम लक्षात ठेवा: करार, कुदळ, पाणी, चर्चा, मत. यातलं एकही पाऊल पुढेमागे झालं तर जबाबदारी तुमची.

आणि प्रश्न कसा घातला होता तेही शिकण्यासारखं आहे. ‘स्थानक हवं का?’ असं कोणी सरळ विचारलंच नाही. प्रकल्पातून राज्याने अंग काढून घ्यावं, अशा कायद्याला तुमची संमती आहे का, असं विचारलं. म्हणजे ज्याला स्थानक नको त्याने ‘होय’ म्हणायचं, आणि ज्याला हवं त्याने ‘नाही’. सुमारे 59 टक्के लोक ‘नाही’ म्हणाले, म्हणजेच ‘होय’ म्हणाले. कौल प्रकल्पाच्या बाजूने लागला, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. मतदानावेळी खर्चाची मर्यादा साडेचार अब्ज युरोंच्या आसपास सांगितली जात होती. पुढे ती रक्कम 11 अब्जांच्या वर गेली. स्थानक 2019 मध्ये उघडायचं होतं. ते साल कोरडंच गेलं. पण या आकड्यांवर कोणी मत दिलं नव्हतं, त्यामुळे कोणाची फसवणूक झाली असंही म्हणता येत नाही.

उलट नेदरलँड्समधल्या युट्रेख्टची गत पाहा. तिथल्या पालिकेने 2002 मध्ये स्थानकाच्या परिसरासाठी लोकांसमोर दोन वेगवेगळे आराखडे ठेवले. एकाला ‘अ’ आणि दुसऱ्याला ‘ब’ म्हटलं तर ‘ब’ दुय्यम वाटेल, म्हणून एकाचं नाव ‘ए’ ठेवलं आणि दुसऱ्याचं ‘1’. इतकी काळजी घेतल्यावर लोक खरोखरच निवड करतात, दुसरं काय होणार? ‘ए’ जिंकला. सत्तरच्या दशकात मोटाररस्त्यासाठी बुजवलेला जुना कालवा त्या आराखड्याप्रमाणे पुन्हा खणावा लागला, आणि 2020 मध्ये तिथे परत पाणी आलं. अठरा वर्षांपूर्वी लोकांनी मागितलेली वस्तू लोकांना मिळाली. असले पायंडे एकदा पडले की पुढच्या अधिकाऱ्यांनी करायचं काय?

आता सभेकडे वळू. सभा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत ठेवा. ज्यांना रोज गाडी पकडावी लागते ती माणसं तेव्हा गाडीत तरी असतील नाहीतर कामावर. येतील ते निवृत्त लोक, दोन विद्यार्थी आणि तुमच्याच खात्यातले वीस जण. सभागृह भरलेलं दिसेल. जागा तिसऱ्या मजल्यावर असावी. लिफ्ट बंद असली तर उत्तम, कारण चाकाच्या खुर्चीवरून येणारे लोक फार बारीक प्रश्न विचारतात: उताराचा चढ किती, फलाट आणि डबा यांच्यामध्ये फट किती, लिफ्ट बिघडली तर दुसरी वाट कोणती. या प्रश्नांची उत्तरं आकड्यांत द्यावी लागतात.

अंध प्रवाशांसाठी भिंतीवर मोठा रंगीत नकाशा लावा. जपानमध्ये सेइइची मियाके नावाच्या गृहस्थांनी दृष्टी अधू होत चाललेल्या मित्राची अडचण आधी समजून घेतली आणि मग पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांची फरशी तयार केली. ती 1967 मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसली आणि तिथून जगभरच्या फलाटांवर गेली. एका माणसाचं ऐकून एवढं झालं. सगळ्यांचं ऐकलं तर काय अनर्थ होईल! तुम्ही ती फरशी अगदी शेवटी बसवा. उरलेल्या जागेतून ओळ न्या, आणि खांब मध्ये आला तर खांबापर्यंतच न्या.

सभागृहात शिरताच प्रत्येकाच्या हातात तीन गोल चिकट्या द्या. भिंतीवर फलक: आवडणारा बाक, आवडणारा दिवा, आवडणारी कुंडी. मी एकदा अशा सभेला गेलो होतो. बसमधून उतरून फलाटावर पोचायला नव्या आराखड्यात किती पावलं जास्त पडतील, एवढंच मला विचारायचं होतं. तिथल्या हसतमुख मुलीने सांगितलं, त्या प्रश्नासाठी फलक नाही, पण कुंडीला चिकटी लावू शकता. एक चिकटी अजून माझ्या पाकिटात आहे.

समोरच्या भिंतीवर चित्र हवंच. संगणकावर काढलेलं, सोनेरी उन्हातलं, जमिनीखालच्या मजल्यावरही हिरवंगार झाड असलेलं. माणसं नऊ. एक जोडपं, फुगा घेतलेलं पोर, सायकल हातात धरून चालणारी बाई. सामान कोणाकडेच नाही. या चित्रांत कधीच कोणाला गाडी पकडायची नसते. जॉन फ्रुइन या अभियंत्याने 1971 मध्ये पादचाऱ्यांच्या गर्दीच्या ए ते एफ अशा सहा श्रेणी मांडल्या होत्या. ए म्हणजे मोकळं चालता येतं, एफ म्हणजे पाऊल उचलायला जागा नाही. तुमचं चित्र ए श्रेणीतलं असावं. संध्याकाळी सहाचं चित्र कोणी मागितलं, तर ते पुढच्या टप्प्यात येईल असं सांगा.

एखादा अभ्यासू कोपऱ्यातून उठेल आणि शेरी आर्न्स्टीनचं नाव घेईल. या बाईंनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. वरच्या टोकाला नागरिकांचं नियंत्रण, तळाशी हातचलाखी, आणि तिच्या लगेच वर ‘उपचार’, म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच आजारी समजून त्याची समजूत घालणं. अभ्यासूला दाद द्या. शिडीचं मोठं चित्र काढून फलकावर लावा. शिडीलाही चिकट्या लावू द्या.

माईक प्रत्येकाला दोन मिनिटं. पहिली पंचेचाळीस मिनिटं सल्लागाराच्या सादरीकरणाची, ती धरायची नाहीत. बाई बोलत असतील तर ‘ताई, थोडक्यात’, आजोबा बोलत असतील तर ‘काका, मुद्द्यावर या’. ‘मग हे बदलता येईल का?’ असं थेट कोणी विचारलंच, तर खुर्चीत पुढे झुकून म्हणा, ‘फार चांगला प्रश्न आहे.’ आणि पुढच्या माणसाकडे माईक द्या. चांगल्या प्रश्नाला उत्तर लागत नाही.

यानंतरचं काम कारकुनी आहे. सूचना ओळखीच्याच असतील: स्वच्छतागृह, पावसात न भिजता गाडी बदलता यावी, चुकामूक झाली तर भेटायला एक ठरलेली जागा, तिकिटाशिवाय स्थानकाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाता यावं. ज्यांचे पाय रोज त्या फरशीवर पडतात त्यांना अशाच गोष्टी सुचतात, मोठं स्वप्न काही सुचत नाही. प्रत्येक सूचनेपुढे ‘नोंद घेतली’ असं लिहा. एकच शेरा सारखा दिसू नये म्हणून मधूनमधून ‘प्रकल्पाच्या कक्षेबाहेर’ आणि ‘तत्त्वतः मान्य’ पेरा. ‘तत्त्वतः’ हा शब्द मराठीत नसता, तर निम्मी खाती ओस पडली असती. बाकाच्या हिरव्या रंगाला सर्वाधिक पसंती मिळाली, हे मात्र पहिल्याच पानावर, ठळक.

उद्घाटनानंतर आठवड्याभरात एक गोष्ट घडेल, तिची तयारी ठेवा. तुम्ही आखलेल्या वळणदार, दिव्यांनी सजवलेल्या वाटेने कोणीच जाणार नाही. लोक बसमधून उतरतील आणि कुंड्यांमधून वाट काढत, हिरवळ तुडवत, सरळ फलाटाकडे जातील. महिन्याभरात तिथे मातीची पायवाट उमटेल, अगदी आराखड्यात हवी होती तिथेच. मला त्या सभेत जी पावलं मोजायची होती, ती तिथे जमिनीवर मोजून ठेवलेली सापडतील.

त्या पायवाटेवर ताबडतोब लोखंडी कठडा घाला. आणि त्याला रंग कोणता द्यायचा, ते लोकांना विचारा.