पावसात दगा देते ती छत्री, डिजिटल नव्हे

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय : “डिजिटल टीव्ही म्हणजे फसवणूक. पाऊस आला की बंद, जुना टीव्ही भंगारात, फुकटचं दूरदर्शन गेलं. अँटेनाच बरा होता.” खाली अंगठेच अंगठे.

आधी पावसाचं बघू. कोल्हापुरात जुलैत आभाळ फाटलं की गच्चीवरच्या डिशच्या छत्रीचं चित्र गोठतं, खरंय. पण ती छत्री केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर, साधारण ११-१२ गिगाहर्ट्झवर चालते आणि एवढ्या वरचा सिग्नल जोराचा पाऊस खातो. केबलवाल्याकडच्या मोठ्या छत्र्या बहुतेक सी बँडच्या, ४ गिगाहर्ट्झच्या आसपास. तिथं पावसाचं फारसं चालत नाही. आमच्याकडं केबल, शेजारच्या काकूंकडं छत्री. धो धो लागला की काकू मालिका बघायला आमच्या सोप्यात हजर. आता डिजिटल तर दोन्हीकडं आहे की!

आणि अँटेना बरा? पप्पा कौलांवर, आई खिडकीत, मी टीव्हीपुढं : “आलं, आलं... गेलं!” एक मात्र कबूल. मुंग्या आल्या तरी त्यातनं बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलला मधलं काही जमत नाही. स्वच्छ, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गायब. शिव्या द्यायच्याच तर त्याला द्या.

भंगाराचं तर सोडाच. सेट टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना लावून आजीचा २१ इंची डबा अजून चालतोय. एचडी दिसत नाही, एवढंच.

फुकटचं म्हणाल तर डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ पासून आहे. छत्री आणि बॉक्स एकदा घ्या, महिन्याला काही नाही. केबलचं बिल मात्र टोचतं. २०१९ ला नवे दर आले तेव्हा पहिल्या १०० चॅनेलना १३० रुपये अधिक जीएसटी, पेड चॅनेलचे वर वेगळे. तरी नको ते चॅनेल काढायची सोय तेव्हापासून आहे. आपण काढत नाही, ते सोडा.

खरी खोड मेसेजवाल्याला सापडलीच नाही. प्रत्येक बॉक्स, प्रत्येक मोबाईल आपापल्या सवडीनं मागं असतो. २०२२ ची वर्ल्ड कप फायनल. अर्जेंटिनाचा माँटिएल शेवटची पेनल्टी मारायला आमच्या पडद्यावर अजून चालत निघाला होता, आणि पलीकडच्या गल्लीत फटाक्यांची माळ लागलीसुद्धा.