वर्षावनात प्राणी ‘पावलोपावली’ दिसतात म्हणे!

पावसाळा तोंडावर आला की सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचं सार असं: सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावर उन्हात काय बघणार? घाटातल्या वर्षावनात एक रात्र तंबू ठोका, प्राणी पावलोपावली दिसतील. शेकोटी पेटवा, प्राणी उजेडाला येतात. मुक्काम ओढ्याकाठीच करा. तंबूभोवती मीठ नाहीतर कार्बोलिक अ‍ॅसिड टाका, साप फिरकत नाही. आणि जायचं तर पाऊस पडायच्या आत, मेमध्येच. आंबोलीला किंवा कर्नाटकातल्या आगुंब्याला निघालेली मंडळी हे वाचून बॅगा भरतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात मोठा घोटाळा ‘पावलोपावली’त आहे. जंगलात जीव भरपूर असणं वेगळं आणि ते आपल्याला दिसणं वेगळं. सोलापूरला वर्षाकाठी साधारण ५५० ते ६०० मिमी पाऊस. त्यावर गवत आणि खुरटी झुडपं वाढतात, नजरेला आडकाठी नसते, म्हणून नान्नजला काळवीट लांबूनच नजरेत भरतं. आगुंब्याला पाऊस ७००० मिमीच्या पुढे. तिथे झाडांचे थरावर थर, खाली जमिनीपर्यंत उजेड जेमतेम झिरपतो. गवा हाकेच्या अंतरावर उभा असला तरी पत्ता लागत नाही. शिवाय अर्धी वस्ती वरच्या मजल्यावर. शेकरू, धनेश पक्षी, आगुंब्याकडचं सिंहपुच्छ माकड, सगळे शेंड्याला. माळावर वाढलेली आपली नजर क्षितिज शोधते आणि इथे क्षितिजच नाही.

मग इथे आधी कान लावायचे. शेकरूचा खडखडाट आणि झाडाखाली पडलेली अर्धवट कुरतडलेली फळं सापडली की मान वर करायची. थोरल्या धनेशाच्या पंखांचा घुमारा तो दिसायच्या आधी ऐकू येतो. फळांनी लगडलेला उंबर किंवा वड सापडला तर पुढची पायपीट रद्द करून तिथेच बसावं. चालत राहणाऱ्याला या जंगलात हिरव्या भिंतीपलीकडे फार काही दिसत नाही.

शेकोटीचं म्हणाल तर उजेडाला येतात ते पतंग आणि किडे. धुराने आणि गप्पांच्या गलक्याने बाकीचे लांब जातात. अभयारण्यात आग लावायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे बंदी आहे, ते वेगळंच. पतंगच बघायचे असतील तर पांढरी चादर टांगून त्यावर दिवा सोडा. (सोलापुरी चादर नको, तिच्या नक्षीत पतंग हरवतील.) रात्री खरं काम टॉर्चचं. तो हातात खाली न धरता डोळ्यांच्या रेषेत, कपाळाजवळ धरायचा. मग पाचोळ्यात हिरवट-निळे ठिपके चमकतात. दव समजून पुढे जाऊ नका, जवळ जाऊन बघा: ते कोळ्यांचे डोळे असतात.

ओढ्याकाठचा मुक्काम तर जिवावरच बेतायचा. आपल्या डोक्यावर थेंब नसतो, वरच्या डोंगरात कोसळलेला असतो, आणि पाणी बघता बघता चढतं. शिवाय ओढ्याच्या खळखळाटात रात्रीचे बाकी आवाज बुडून जातात. पहाटे शीळकरी कस्तुर या पक्ष्याची शीळ तेवढी त्यावर मात करते, पण ती ऐकायला उंचावरच्या तंबूतून खाली उतरता येतं.

मिठाबद्दल थोडक्यात. मिठाने जळू सुटते, साप अडत नाही. कार्बोलिकनेही अडत नाही, उलट ते आपल्या कातडीला भाजतं आणि पाण्यात उतरलं तर बेडूक-मासे मारतं. तंबूची चेन पूर्ण लावणं, बूट झटकून घालणं, अंधारात टॉर्चशिवाय पाय न टाकणं, एवढं पुरतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खुशाल न्या, पण डब्यात घट्ट बंद. उंदीर खरकट्याला येतात आणि साप उंदरांना. मलबारी चापडा हा विषारी साप तर तासन्‌तास एकाच फांदीवर वेटोळं घालून बसतो. कधी हिरवा, कधी तपकिरी, कधी पिवळा. शेवाळलेल्या फांदीला आधाराला हात लावायच्या आधी ती नीट बघा, मिठाची पुडी तिथे कामाला येणार नाही.

राहिला मे महिना. पाऊस लागला की प्राणी दडून बसतात हे अर्धसत्य आहे, कारण बेडकांचा सगळा संसार पावसावर चालतो. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाचं घरटं चिकटवतो. अंडी त्या फेसात, आणि पिल्लं तयार झाली की थेट खालच्या डबक्यात पडतात. पांढरा गोळा पानावर दिसला तर तो साबणाचा फेस नव्हे, बोट लावू नका. जून-जुलैत जाणाऱ्याने जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे घ्यावेत आणि पँट त्यात खोचावी. मेमध्ये जाणाऱ्याला धनेश, शेकरू मिळतील, पण फेसाची घरटी बघायला मिळणार नाहीत.