तिचं खरं मानणारं कोणीतरी भेटलं

'जेन एअर' परवा रात्री तिसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्यांदा वाचली ती एम.ए.च्या पेपरसाठी. अनाथ मुलगी, श्रीमंत मालक, प्रेम, ताटातूट, पुन्हा भेट, असं उत्तर लिहून आले आणि मार्कही चांगले पडले. आज ते उत्तर मला स्वतःलाच पटत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

शार्लट ब्राँटीची छापून आलेली ही पहिली कादंबरी. त्याआधी लिहिलेल्या कादंबरीला प्रकाशक मिळाला नव्हता. ही ऑक्टोबर १८४७ मध्ये लंडनला निघाली, तीही 'करर बेल' या टोपणनावाने. शार्लट तेव्हा ३१ वर्षांची होती. लोक ती प्रेमकथा म्हणून वाचतात, आणि आहेच ती प्रेमकथा. पण सुरुवात होते ती माराने. दहा वर्षांची जेन पडद्याआड, खिडकीत पाय दुमडून पुस्तक वाचत बसलेली असते. चौदा वर्षांचा मामेभाऊ तिला बाहेर काढतो, आमच्या जिवावर जगतेस, आमच्या पुस्तकांना हात लावायचा नाही म्हणतो आणि तेच पुस्तक तिला फेकून मारतो. डोकं फुटतं. ती उलटून हात उगारते, आणि शिक्षा होते ती तिलाच. मामा ज्या खोलीत वारला त्या लाल खोलीत तिला कोंडतात. ती घाबरून ओरडते तेव्हा मामी येते खरी, पण तिला पुन्हा आत ढकलून कुलूप लावते.

इंग्रजीत ती नुसती 'आंट'. नातं नीट पाहिलं तर ती मामी आहे. मामाचं घर म्हटलं की बाकीच्यांना सुट्टी आणि आंबे आठवतात. आई गेल्यावर मी सहाव्या वर्षापासून दहावीपर्यंत मामाकडे होते. मला आठवते ती कोठीची खोली. गोणपाटावर पसरलेले कांदे, तेलाच्या डब्यांचा खवट वास, आणि बाहेरून लागणारी कडी. ओलं टॉवेल पलंगावर टाकलं, दूध उतू गेलं, मामेबहिणीपेक्षा मार्क जास्त पडले, कारण काहीही पुरायचं. 'खाल्ल्या घरचे वासे मोजते' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की वासे म्हणजे काय हे कळायच्या आधी ते पाठ झालं होतं. जेनचा मामा तरी मेलेला होता. माझा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेला असायचा.

हल्ली प्रेमकथांमध्ये एक साचा फार दिसतो. नायिकेचं बालपण होरपळलेलं, मग नायक येतो, तिला जवळ घेतो आणि शेवटच्या पानापर्यंत सगळं भरून आलेलं असतं. अशा गोष्टी लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांनी ते भोगलंय त्यांच्यावर त्या गोष्टी नकळत एक ओझं टाकतात. एवढा चांगला नवरा मिळाला, तरी तू अजून रात्री दचकून का उठतेस?

शार्लटने तसं केलेलं नाही. जेन सावरायला लागते ती तिचा मालक आणि नायक रॉचेस्टर भेटायच्या कितीतरी आधी. मामी तिला शाळेत पाठवते तीच खोटारडी असा शिक्का मारून. संस्थाचालक सगळ्या शाळेसमोर तिला स्टुलावर उभी करतो आणि हिच्याशी कोणी बोलू नका म्हणून बजावतो. त्या संध्याकाळी मिस टेंपल, त्या शाळेच्या मुख्य बाई, तिला आपल्या खोलीत नेतात आणि म्हणतात, तुझी बाजू सांग. जेन सांगते. बाई ऐकतात, चहा आणि केक देतात, आणि लाल खोलीच्या प्रसंगानंतर जेनला तपासायला आलेल्या मिस्टर लॉइड यांना पत्र लिहून खात्री करून घेतात. आठवड्याभराने उत्तर येतं, आणि बाई पुन्हा सगळी शाळा जमवून सांगतात की हिच्यावरचा आरोप खोटा होता. मी या पानावर दरवेळी थांबते. तिचं खरं मानलं गेलं, आणि तेही चारचौघांत. माझ्या बाबतीत समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींनी दंडावरचा वळ पाहून एवढंच विचारलं होतं, 'तू पडली नाहीस ना गं?' तेवढ्यावर मी पुढची चार वर्षं काढली.

त्या शाळेमागे शार्लटचं स्वतःचं दुःख आहे. कोवन ब्रिजच्या शाळेत असताना तिच्या दोन थोरल्या बहिणी आजारी पडल्या आणि १८२५ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने क्षयाने गेल्या. मराया ११ वर्षांची होती, एलिझाबेथ १०. जेनच्या मांडीला मांडी लावून बसणारी, शाळेतली मैत्रीण हेलन बर्न्स ही मरायाच.

आणि रॉचेस्टर? त्याचं पहिलं लग्न लपवलेलं आहे हे कळल्यावर जेन वीस शिलिंग घेऊन पहाटे घराबाहेर पडते. डुकरासमोर ओतायला काढलेली गार लापशी मागून खाते. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याही घरी आश्रित म्हणून राहायचं नाही, हे ती मामीच्या घरात शिकलीय. पुढे तिचा पाद्री आतेभाऊ सेंट जॉन तिला लग्न करून हिंदुस्थानात न्यायला निघतो, हिंदुस्तानी भाषाही शिकायला लावतो. त्यालाही ती नाही म्हणते. रॉचेस्टरकडे परतते ती काकाच्या वारशातला आपला वाटा, पाच हजार पौंड, हातात असताना, स्वतःच्या मर्जीने. प्रेम आहेच, पण ते येतं सगळ्यात शेवटी, तिचे पाय जमिनीवर नीट टेकल्यावर.

मामीच्या मृत्युशय्येचा प्रसंग मला अजून पचलेला नाही. पुन्हा कधी तुम्हाला मामी म्हणणार नाही, असं जेन लहानपणी ठणकावून गेलेली असते. त्या खोलीत ती ते मोडते, हाक मारते, हात हातात घेते. मामी हात काढून घेते. शेवटपर्यंत पाझर फुटत नाही. 'आता म्हातारी झालीय ती, जाऊ दे, भेटून ये' असं मलाही नातेवाईक सांगतात. शार्लट माफी दाखवते, पण माफ केलं की समोरचा बदलतो असं खोटं आश्वासन देत नाही. मी अजून गेलेले नाही. जाईन की नाही, ठरलेलं नाही.

लग्नानंतर नवऱ्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, 'आता मी आहे ना, विसर ते.' मायेनेच म्हणाला. त्यानंतर अकरा वर्षं मी तो विषय काढला नाही.

परवा पुस्तक मिटवून टेबलावर ठेवलं, ते त्याने उचललं. काल रात्री लाल खोलीपर्यंत पोचला. बराच वेळ गप्प होता. मग दिवा न मालवताच त्याने विचारलं, 'तुमच्या त्या कोठीला खिडकी होती का गं?'

मी म्हटलं, होती. वर, गज असलेली. मग आम्ही दोन वाजेपर्यंत बोलत होतो.