‘शंभरातले नव्वद संस्थावालेच खातात’ या फॉरवर्डला एका खजिनदार बाईचं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि चौथ्यांदा माहेरच्या ग्रुपवर माझ्या सख्ख्या मामेभावानं टाकलेला. मेसेज थोडक्यात असा आहे: पुराच्या नावानं संस्था पैसे गोळा करतात, शंभरातले नव्वद स्वतः खातात आणि उरलेल्या दहाची बिस्किटं वाटून फोटो काढतात. यांची माणसं पगार घेतात, बँकेत यांच्या एफड्या असतात, परदेशातून पैसा येतो, ऐंशी जी (देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट) म्हणजे काळ्याचं पांढरं करायची सोय, आणि यांना विचारणारं कुणी नाही. म्हणून पैसे देऊच नका, वस्तू द्या, त्या पण स्वतःच्या हातानं द्या.

मी कृष्णाकाठच्या एका लहान संस्थेची खजिनदार आहे. संस्थेचं नाव लिहित नाही कारण हे देणगी मागायला लिहिलेलं नाही. मी स्वतः पगार घेत नाही, पण आमच्याकडे दोन पगारी माणसं आहेत आणि बँकेत एफडी पण आहे, म्हणजे मेसेजच्या हिशोबानं आम्ही चोरच. दादा, तुला फोनवर सांगितलं असतं, पण तू ते सगळ्यांसमोर टाकलंस म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते.

आधी तो नव्वदचा आकडा. कुठल्या संस्थेचा, कुठल्या वर्षाचा, कुणी काढला, मेसेजमध्ये काहीच नाही. गेल्या वर्षी हाच मेसेज ऐंशी म्हणत होता, माझ्याकडे तो पण आहे. चोऱ्या होतात का? होतात, मी नाही म्हणणार नाही. कागदावरच्या संस्था आहेत, पूर ओसरला की बोर्ड उतरवणारे पण आहेत. पण त्या पकडायच्या असतील तर आकडा फेकून चालत नाही, हिशोब मागावा लागतो, आणि हिशोब मागायची सोय आपल्याकडे आहे हेच त्या मेसेजला माहीत नाही.

म्हणून “यांना कुणी विचारत नाही” याचं इथंच सांगते. महाराष्ट्रात पब्लिक ट्रस्टला, म्हणजे नोंदलेल्या धर्मादाय संस्थांना, १९५० चा विश्वस्त कायदा लागू आहे. दर वर्षी ३१ मार्चला हिशोब बंद करायचा, सीएकडून ऑडिट करून घ्यायचं आणि ते धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला द्यायचं. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट नऊ म्हणजे जमाखर्च. जमीन विकायची झाली तर आयुक्तांची परवानगी लागते, विश्वस्त बदलला तर बदल अर्ज द्यावा लागतो. इन्कम टॅक्सचं रिटर्न वेगळं. शिवाय नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थांची नोंद बघता येते. तुम्ही कुठल्याही संस्थेला जाऊन म्हणा की मला गेल्या तीन वर्षांचं ऑडिट बघायचंय. दाखवलं नाही तर देऊ नका देणगी, मी तुमच्या बाजूनं उभी राहीन.

आणि खरी भीती कुठं आहे ते पण सांगते. पूर आला की दोन दिवसांत चौकाचौकात कोणीतरी स्वतःच्या फोनचा क्यूआर कोड लावून उभा राहतो. नोंदणी नसताना लोकांकडून असा निधी गोळा करायला त्याच कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, आपली गणपती मंडळं घेतात तीच. त्या क्यूआर कोडवाल्याला पावती मागा. मेसेज मात्र ऑडिट होणाऱ्या संस्थेला चोर म्हणतो आणि याच्याबद्दल एक ओळ लिहित नाही.

आता पगार. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण आमच्याकडची ती दोन माणसं मला माहीत आहेत ना. एक मुलगी आहे, तिला प्रत्येक गल्लीत अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस कुठल्या घरात आहे, बाळंतीण कुठं आहे, कुणाला डायलिसिसला न्यावं लागतं हे तोंडपाठ आहे, आणि ही यादी ती पुराच्या रात्री बनवत नाही, वर्षभर फिरून बनवते. पूर ओसरल्यावर लोकांच्या पंचनाम्यामागं तीच फिरते, आधारवर नाव एक आणि पासबुकात दुसरं म्हणून पैसे अडकले की तलाठ्याकडं, बँकेत लोकांना घेऊन तीच जाते. हे काम नोकरी सांभाळून रविवारी येणाऱ्या माझ्यासारखीला जमणार नाही. तिनं पोटाला काय खायचं मग?

दुसरा माणूस हिशोब लिहितो. मेसेज म्हणतो खऱ्या संस्थेचा प्रशासकीय खर्च शून्य असतो. ज्या संस्थेचा प्रशासकीय खर्च खरंच शून्य आहे तिथं व्हाउचर कोण लिहितंय, स्टॉक रजिस्टर कोण भरतंय, किती तिरपालं आली आणि किती वाटली हे कोण जुळवतंय? ज्या चोरीबद्दल मेसेज ओरडतोय तिला थांबवणारा खर्च तो हाच आहे. कायदा पण हा खर्च मान्य करतो, फक्त त्याला मर्यादा घालतो. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्यात परदेशी निधीतून आधी ५० टक्क्यांपर्यंत प्रशासकीय खर्च चालायचा, २०२० च्या दुरुस्तीनं तो २० टक्क्यांवर आणला. शून्य कुणीच म्हटलेलं नाही.

परदेशातून पैसा: त्याला एफसीआरएची नोंदणी लागते, आणि २०२० पासून तो पैसा दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. गावपातळीवरच्या आमच्यासारख्या कित्येक संस्थांकडं ती नोंदणीच नसते. पूर्वी मोठी संस्था तिच्याकडं आलेला परदेशी पैसा खाली लहान संस्थेला देऊ शकायची, तेही त्याच दुरुस्तीनं बंद झालं. विषय संपला.

बँकेतली शिल्लक. यावर जरा थांबते, कारण शिकलेली माणसंसुद्धा इथं चुकतात. “एवढे पैसे पडून आहेत आणि अजून मागतात” असं मला आमच्याच वार्षिक सभेत विचारलं गेलंय.

पहिलं म्हणजे संस्थेला मनाला येईल तेवढं साठवताच येत नाही. इन्कम टॅक्सची सवलत घ्यायची तर वर्षाच्या उत्पन्नातलं ८५ टक्के कामावर खर्च करावं लागतं. समजा वर्षाला २० लाख आले, तर १७ लाख खर्च झाले पाहिजेत, ३ लाख ठेवता येतात. जास्त ठेवायचे तर कशासाठी ते आधी लिहून द्यायचं आणि ठरलेल्या पाच वर्षांत वापरायचं. आणि ठेवायचं ते कायद्यानं सांगितलेल्या ठिकाणीच, बँक, पोस्ट अशा. म्हणजे एफडी हा गुन्हा नाही, ती कायद्यानं सांगितलेलीच जागा आहे.

दुसरं म्हणजे ताळेबंदात दिसणारी सगळी शिल्लक मोकळी नसते. एखाद्या कंपनीनं सीएसआरमधून, म्हणजे तिच्या सामाजिक कामाच्या निधीतून, शाळेच्या टॉयलेटसाठी पैसे दिले तर ते टॉयलेटचेच, त्यातून पुरातल्या बोटीत पेट्रोल घालता येत नाही. २०२१ च्या जुलैत आमचं तेच झालं. पासबुकात आकडा चांगला दिसत होता, पण त्यातला बहुतेक पैसा कोविडच्या आणि शाळेच्या कामासाठी बांधलेला होता. इकडं नदी चढत होती आणि आम्ही पंपावर उधारीवर पेट्रोल घेत होतो. त्या रात्री कामाला आली ती एक लहानशी मोकळी एफडी, मुदतीआधी मोडली आणि उधारी भागवली. ती नसती तर तिसऱ्या दिवशी बोट बंद पडली असती. त्याच महिन्यात तिकडं कोकणात चिपळूण बुडालं होतं, तळियेत दरड कोसळली होती, सगळी मदत तिकडं वळली होती आणि वळायलाच पाहिजे होती. पण आमच्या नदीचं पाणी तेवढ्यासाठी थांबणार होतं का?

तिसरं, आणि हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. देणगी येते ती टीव्हीवर पाणी दिसतं तोवर, फार तर पंधरा दिवस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. त्या आठवड्यात फोन ठेवायला उसंत नव्हती. आणि जानेवारीत? जानेवारीत कोणी बोटीच्या इंजिनाच्या सर्व्हिसिंगला पैसे देत नाही, लाइफ जॅकेटची मुदत बघायला देत नाही, पोरांना बोट चालवायचं ट्रेनिंग द्यायला देत नाही. त्याच पुरात ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली, बायकामुलं गेली. त्यानंतर आमच्या पोरांनी एक नियम केला, जॅकेट नाही तर बोटीत पाय नाही. पण जॅकेट पूर यायच्या आधी विकत घ्यावं लागतं, पूर आल्यावर मिळत नाही. तो पैसा शिलकीतून येतो, दुसरा कुठून येणार.

मला विचाराल तर संस्थेची तब्येत बघायची असेल तर एकच प्रश्न विचारा: उद्यापासून एक रुपया आला नाही तर किती महिने चालाल? आम्ही सहा महिन्यांचे पगार, भाडं आणि बोटीचा खर्च एवढं मोकळं ठेवायचं ठरवलंय आणि अजून तेवढं झालेलं नाही. पंधरा दिवसांचंच उत्तर मिळालं तर काळजी करा, आणि वर्षानुवर्षं शिल्लक वाढतेय पण काम वाढत नाही असं दिसलं तर मग जरूर जाब विचारा.

ऐंशी जी. १०,००० रुपये दिले तर साधारण निम्म्यावर सूट मिळते, म्हणजे ५,००० उत्पन्नातून वजा, तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचे वाचतात दीड हजाराच्या आसपास. नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर काहीच नाही. २,००० च्या वर रोख दिलं तर सूट नाही. खोट्या पावत्यांचे धंदे झालेत हे खरं आहे, पैसे चेकनं द्यायचे आणि कमिशन कापून रोख परत घ्यायचे, ते करणाऱ्यांना शिक्षा झाली पाहिजे. पण २०२१-२२ पासून प्रत्येक देणगीदाराचं नाव, पॅन किंवा आधार आणि रक्कम आम्हाला टॅक्स खात्याला कळवावी लागते आणि देणगीदाराचं सर्टिफिकेट त्यांच्याच पोर्टलवरून निघतं. मे महिन्यात मी त्याच कामात असते, एक पॅन चुकला तरी देणगीदाराचा फोन येतो.

आता शेवटचं, “वस्तू द्या”. २०१९ ला आम्ही मदतीत आलेले कपडे शाळेच्या हॉलमध्ये ठेवून घेतले, छतापर्यंत ढीग झाला. फाटक्या साड्या, एका पायाच्या चपला, वापरलेली अंतर्वस्त्रं. ज्या बाईचं घर चार दिवस पाण्यात होतं तिच्यासमोर हे ठेवायचं? आमच्या पंधरा पोरींचे पाच दिवस निवडण्यात गेले आणि शेवटी त्यातलं कितीतरी विल्हेवाट लावायला आम्हालाच ट्रॅक्टर भाड्यानं घ्यावा लागला. ट्रकवाले लांबून आले, चांगल्या मनानं आले, पण मोठ्या रस्त्यालगतच्या गावांत वाटून परत गेले. एकेका घरात ब्रेडचे दहा पुडे आणि आतल्या वस्तीवर काहीच नाही.

आणि लागत काय होतं? फावडी, खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, सॅनिटरी पॅड, मच्छरदाण्या, जनावरांना कडबा, विहिरी उपसायला पंप, गॅसच्या शेगड्यांची दुरुस्ती, पोरांची दप्तरं. हे दर चार दिवसांनी बदलतं, म्हणून पैसे लागतात. त्यात गावातला किराणावाला पण बुडालेला असतो, त्याचं दुकान उघडल्यावर आम्ही त्याच्याकडूनच माल घेतला, त्याचा पहिला गल्ला त्यातून झाला. बाहेरून फुकट माल येतच राहिला तर तो माणूस उभा कधी राहणार?

वस्तू नकोच असं मी म्हणत नाही. त्याच पुरात दुष्काळी पट्ट्यातून चटणी-भाकरीची गाठोडी आली होती, ज्यांच्याकडं स्वतःच्या प्यायच्या पाण्याचे हाल त्यांनी पाठवलेली. अजून आठवलं की गळा दाटतो. पण त्यांनी आधी फोन करून विचारलं होतं, किती माणसं आहेत, कुठं पोचवू.

दादा, तू पुढच्या रविवारी ये. परिशिष्ट आठ, नऊ, व्हाउचरच्या फाइली, स्टॉक रजिस्टर, सगळं टेबलावर काढून ठेवते, तुझा तो सीए मित्र आहे त्याला पण घेऊन ये. बोट समाजमंदिराच्या पडवीत पालथी घालून ठेवलीय, तिचा तळ दोन ठिकाणी उकललाय, दुरुस्तीचं कोटेशन आलंय आणि जूनच्या आत ते काम उरकायचंय. ते पण बघून जा.