‘आधी टीबी संपवा, मग एचआयव्हीची औषधे’ हा सल्ला का चुकीचा

एक सल्ला सतत फिरत असतो: ‘एचआयव्ही असलेल्याला टीबी झाला तर टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा होऊ द्या, मगच एआरटी (एचआयव्हीला रोखणारी औषधे). दोन्ही एकदम घेतले तर औषधे एकमेकांवर उलटतात, यकृत जाते, तब्येत आणखी ढासळते. आफ्रिकेतल्या साध्या दवाखान्यांत तर हे झेपणारच नाही.’ यातली भीती निराधार नाही. निष्कर्ष मात्र जिवावर बेतणारा आहे.

‘आधी टीबी’ हे दक्षिण आफ्रिकेत डर्बनला प्रत्यक्ष तपासून झाले आहे. सॅपिट नावाच्या चाचणीत बेडक्यात जंतू सापडलेले ६४२ रुग्ण होते, सगळ्यांचा सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची रक्तातली संख्या) ५००च्या खाली. ४२९ जणांना टीबीचे उपचार चालू असतानाच एआरटी मिळाली, २१३ जणांना कोर्स संपल्यावर. पहिल्या गटात २५ मृत्यू, निम्म्या आकाराच्या दुसऱ्या गटात २७. सप्टेंबर २००८ मध्ये सुरक्षा समितीनेच वाट पाहणे थांबवायला लावले. टीबीच्या गोळ्या टीबीचे जंतू मारतात. विषाणू तसाच राहतो आणि सीडी४ घसरलेला असताना दुसरा संसर्ग गाठतो.

क्रम टीबीपासूनच सुरू होतो, एवढे त्या सल्ल्यात खरे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या सूचनेप्रमाणे एआरटी टीबीचे उपचार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, सीडी४ कितीही असो. अपवाद मेंदूच्या आवरणाच्या टीबीचा: तिथे ४ ते ८ आठवडे थांबतात. सहा महिने तिथेही नाहीत.

‘औषधे उलटतात’ म्हणजे नेमके काय? रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे यकृतातली विकरे (औषधे मोडणारी एन्झाइम्स) जोरात चालतात आणि डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचे औषध शरीरातून लवकर निघून जाते. उपाय साधा आहे. सकाळी टीएलडीची (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली) नेहमीची गोळी, १२ तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची एक वेगळी गोळी. रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही ही जादाची गोळी दोन आठवडे चालू ठेवायची, कारण विकरांचा जोर लगेच ओसरत नाही. वेगळी गोळी साठ्यात नाही म्हणून टीएलडीच दोनदा देऊ नये. त्यात टेनोफोव्हिरही दुप्पट होते आणि भार मूत्रपिंडावर पडतो.

यकृताची भीती बरीचशी नेविरापिन या एचआयव्हीच्या जुन्या औषधाच्या काळातली. टीबीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृताला त्रास देणारी. एथॅम्ब्युटॉल तसे नाही. म्हणजे एआरटी लांबवून यकृत वाचत नाही. मळमळ, पोटदुखी किंवा कावीळ असताना एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) सामान्य मर्यादेच्या तिपटीपुढे गेले, किंवा लक्षणे नसतानाही पाचपटीपुढे गेले, तर ही तिन्ही थांबवायची आणि आकडे उतरल्यावर एकेक करून परत आणायची. हेपॅटायटिस बी आधीच तपासलेला असावा.

‘तब्येत ढासळते’ हे मात्र खरेच घडते. एआरटीच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती जागी होते, मग ताप येतो, गाठी सुजतात. याला आयरिस म्हणतात. पण तसा शिक्का मारण्याआधी रिफाम्पिसिनला न जुमानणारा टीबी, चुकलेल्या गोळ्या आणि दुसरा संसर्ग तपासायलाच हवा. केप टाउनच्या चाचणीत (२०१८) सीडी४ १०० किंवा त्याखाली असलेल्या २४० रुग्णांपैकी निम्म्यांना एआरटीसोबत प्रेडनिसोन हे सूज उतरवणारे स्टिरॉइड दिले: १४ दिवस रोज ४० मिलिग्रॅम, पुढचे १४ दिवस २०. आयरिसचे प्रमाण ४६.७ वरून ३२.५ टक्क्यांवर आले. मात्र कापोसी सार्कोमा (एचआयव्हीत होणारा एक कर्करोग) किंवा रिफाम्पिसिन-प्रतिरोध असेल तर हा मार्ग नाही.

राहिला साध्या दवाखान्याचा मुद्दा. लघवीत टीबीच्या जंतूचा अंश शोधणाऱ्या लॅम चाचणीच्या पट्टीला ६० मायक्रोलिटर लघवी आणि २५ मिनिटे लागतात, वीज लागत नाही. बेडका काढता न येणाऱ्या, खंगलेल्या रुग्णासाठी ती मोलाची. फक्त निकाल नकारार्थी आला म्हणून टीबी नाही असे धरू नये. खरी अडचण असते ती वेगळीच: टीबीची खोली एकीकडे, एआरटीची दुसरीकडे, दोन्हीकडच्या तारखा निराळ्या. रुग्ण हातचा जातो तो बहुधा या दोन रांगांच्या मधे.