"शिकायला नको का?" म्हणणाऱ्यांसाठी

"जग कुठच्या कुठे गेलं, आता म्हाताऱ्या माणसांनीही थोडं शिकायला नको का?"

आज रेशनच्या रांगेत माझ्या मागून हे वाक्य आलं आणि सकाळपासून डोकं ठणकतंय. बोलणारा बोलून मोकळा झाला. ज्यांना ते ऐकवलं ती आमची शेजारची काकी पिशवीची घडी करून धान्य न घेताच घरी गेली. अंगठा लागला नाही. पदराला पुसून लावला, ओला करून लावला, दुसऱ्या हाताचा लावला. मशीन घेईना. मग सल्ला मिळाला, "मुलाला सांगा, मोबाईलवरून चेहऱ्याने ओळख पटवून देईल." मुलगा नालासोपाऱ्यात. नियमात ओटीपीचीही सोय आहे, मला माहीत आहे. पण ओटीपी जातो त्याच मुलाच्या नंबरवर, आणि तो त्या वेळी लोकलमध्ये उभा असतो.

त्या अंगठ्याबद्दल सांगतो. काकीने उभा जन्म काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. काजूच्या टरफलात जे तेल असतं ना, ते कातडी जाळतं. हाताला राख लावा, गोडंतेल लावा, काही करा, बोटं काळी पडतात, साल निघते, नवी येते, तीही निघते. अशी वर्षानुवर्षं साल निघाल्यावर रेषा राहतील कशा? तिने सोललेला गर तुम्ही दिवाळीत डबे भरभरून वाटलात. आणि आज तिला सांगता, शिकायला नको का?

सरळ बोलायचं तर इंटरनेट खेडोपाडी पोचलं ही जी सगळीकडे टिमकी वाजते, ती मला आता ऐकवत नाही. 15 ऑगस्ट 1995ला देशात इंटरनेट सामान्य माणसाला खुलं झालं, पहिल्या चार-दोन शहरांत मुंबई होती. आमच्या घरटी एक माणूस त्याच मुंबईत. तरी ते इथवर यायला किती काळ गेला बघा. आणि आलं ते टॉवरमधून आलं असं कोणी म्हणत असेल तर त्याने कोकणातली घरं बघितलेली नाहीत. ते चाकरमान्यांच्या बॅगेतून आलं. मुलाने नवा मोबाईल घेतला की जुना गणपतीत आईला. काचेला तडा गेलेला, बॅटरी दुपारपर्यंतच टिकणारी, आत मुलाचाच ईमेल, मुलाचाच पासवर्ड. पाच दिवस घरात दहा माणसं शिकवायला. गौरी-गणपती गेले, गाडी सुटली, शिकवणारेही गेले. राहिला फक्त मोबाईल.

2017 साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आलं. 6 कोटी ग्रामीण घरं, घरातला एक जण, 20 तासांचं शिक्षण. कागदावर चांगलंच. पण आमच्याकडे घरातला तो एक जण बारावी झाली की तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसून दादरला जातो हो! शिकलेला गेला, घर पुन्हा होतं तिथेच. आणि वयाची अट काय होती? 14 ते 60. म्हणजे ज्या वयाची माणसं आमच्या वाड्यांमध्ये उरलीत, नेमकी तीच बाहेर ठेवली. काकी तेव्हाच साठीपार होती. आणि आज तिलाच विचारता, शिकली का नाहीस म्हणून. राग येणार नाही तर काय येणार?

चांगलं झालं ते नाकारत नाही. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो, पूर्वी त्यासाठी चपला झिजायच्या. 2016ला डेटा स्वस्त झाला नसता तर काकीला नातीचं तोंड रोज दिसलं नसतं, हेही कबूल.

आणि त्यावरूनच सांगतो. ही काकी व्हिडिओ कॉल करते. रात्री तुळशीपाशी येते, रेंज तिथेच मिळते, मोबाईल वृंदावनाच्या कोनाड्यात बरोब्बर तिरका टेकवते आणि नातीशी बोलते. यूट्यूबवर दशावतार लावते. व्हॉइस मेसेज तर असे धाडते की माझ्या फोनवर दिवसाला चार. हे कोणी शिकवलं? एका गणपतीत नातीने. मांडीला मांडी लावून, न चिडता, पुन्हा पुन्हा. आज घरी जाऊन तिला भेटलो तेव्हा म्हणाली, "माका जमणा नाय असा नाय रे, पण दाखवतलो कोण?"

या प्रश्नावर रांगेतल्या त्या गृहस्थांचं काय उत्तर आहे?

माझ्या वयाच्या लोकांना एसटीडी बूथ आठवत असेल. पिवळी पाटी, काळी अक्षरं. 1984ला सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था सुरू झाली, वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी एक्सचेंजं निघाली, पुढे बूथ आले आणि बघता बघता गावागावातून मुंबईला फोन लागू लागला. तेव्हा घरात फोन होता कुणाकडे? वाडीत एखाद्याकडेच! पण बूथमध्ये माणूस बसलेला असायचा. चिठ्ठी पुढे केली की तो नंबर फिरवून द्यायचा, बिलाचे आकडे वाचून दाखवायचा. मुंबईहून फोन यायचा तो पीपी नंबरवर, म्हणजे शेजाऱ्यांच्या फोनवर, आणि ज्यांच्याकडे फोन ते पाटाच्या पलीकडून हाक मारायचे, "गो, तुझ्या झिलाचो फोन!" अंगठाछाप आजीसुद्धा फोन वापरत होती. एकाही आजीला कोणी म्हटलं नाही की आधी शिकून ये.

आता यंत्र प्रत्येकाच्या हातात दिलं आणि माणूस काढून घेतला. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहेत ना, असं कोणी म्हणेल. आहेत. मानधन वेळेवर मिळावं म्हणून त्याच पोरांना आझाद मैदानात बसावं लागलं आहे. पंचायतीपर्यंत केबल आली तरी पंचायत एकीकडे, वाड्या चार डोंगरांवर. मधे सडा म्हणजे उघडा कातळ, खाली पऱ्ह्या म्हणजे ओढा. पावसाळ्यात तिथवर काकीने जायचं कसं? 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा तर वीजही नव्हती आणि रेंजही.

सध्या आमच्या वाडीत हे सगळं एक दहावीतली पोर करते. लाइटबिलं, पीक पाहणी, गणपतीच्या गाड्यांची तिकिटं, केवायसी. कोणी तिला चहा देतं, कोणी ओले काजूगर. एक पैसा नाही. उद्या काकीचंही तीच बघणार आहे, अभ्यास बाजूला ठेवून. मला त्या पोरीचं कौतुक आहे आणि तितकीच काळजीही, कारण दोन वर्षांनी तीही जाईल. जावंच तिने. पण अख्खी वाडी तिच्या खांद्यावर ठेवून आपण मोकळे राहायचं, हे मला पटत नाही.

मे महिन्यात गावी येणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे. एक संध्याकाळ काढा. आईचा मोबाईल आईच्या नंबरवर करून द्या, आधारला तोच नंबर जोडून घ्या, ओटीपी कुठे दिसतो ते तिच्याच हाताने चार वेळा करवून घ्या. कुणाला सांगायचा नाही हेही सांगा.

आणि 1 मेच्या ग्रामसभेत मी ठराव मांडतोय. आठवड्यातून एक दिवस परिचालकाने लॅपटॉप घेऊन वाडीवर बसायचं, आमच्याकडे देवळाच्या सभामंडपात, आणि त्या फेरीचे वेगळे पैसे पंचायतीने त्याला द्यायचे. ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांची यादी त्याच दिवशी करायची आणि तहसीलला द्यायची. अनुमोदक मिळालाय. कोरमची भीती आहे, नेहमीसारखी. त्या दिवशी गावात असाल तर सकाळी दहाला या, आणि येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाडीत घालून आणा.